शुगर आहे म्हणून मेडिक्लेम नाकारला, आता काय?

माझ्या धाकट्या बहिणीला बाराव्या वर्षी टाइप १ डायबेटिस झाला. या प्रकारात शरीर इन्शुलिन बनवायचंच थांबवतं, त्यामुळे ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं. दिवसातून चार वेळा टोचून घेत ती शाळा, कॉलेज, नोकरी सगळं करत आली, हरिश्चंद्रगडही चढून आली. २०२१ मध्ये तिने पुण्यातली नोकरी सोडली आणि नाशिकला घरीच क्लासेस सुरू केले. नोकरीबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही गेला. मग तिने दोन विमा कंपन्यांकडे अर्ज केले. दोन्हीकडून दोन-दोन ओळींचं उत्तर आलं: आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही. त्या रात्री तिचा फोन आला, "दादा, म्हणजे माझा विमा कधीच होणार नाही का?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची दोन-तीन वर्षं आम्ही दोघांनी फॉर्म भरले, नियम वाचले, हेलपाटे घातले. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, जो मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. त्यात बीपीवाले, थायरॉईडवाले, दम्याचे, संधिवाताचे, किडनीचे, फिट्सचे रुग्ण मिळवा. गोळी चालू नसलेलं घर शोधावं लागेल.

आधी कंपनीच्या बाजूने बघू, कारण ते कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. समजा एका सोसायटीत शंभर बिऱ्हाडं आहेत. प्रत्येकाने वर्षाला दहा हजार काढले तर दहा लाख जमतात. वर्षात दोघांवर पाच-पाच लाखांचं ऑपरेशन झालं तरी फंडातून भागतं. कुणावर वेळ येईल हे आधी माहीत नसतं, म्हणून सगळे आनंदाने वर्गणी देतात. आता नियम केला की कुणीही, कधीही, दहा हजार भरून त्याच दिवशी पैसे मागू शकतो. मग धडधाकट माणूस म्हणेल, आत्ता कशाला, लागेल तेव्हा भरू. वर्गणी देणारे उरतील फक्त ऑपरेशनची तारीख ठरलेले. पहिल्या सहा महिन्यांत फंड बुडेल. तहान लागल्यावर विहीर खणायची सोय ठेवली, तर विहिरीचा खर्च कोण करणार?

विमा कंपनीला हीच धास्ती असते. ती धास्ती खरी आहे, आणि तरीही माझ्या बहिणीसारख्या माणसावर तिचा जो परिणाम होतो तो अन्यायाचा आहे. तिने काही तहान लागेपर्यंत वाट पाहिली नव्हती, बाराव्या वर्षी कुठली विहीर खणणार होती ती? या दोन गोष्टींमध्ये तोल साधायचं काम आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरण करतं, म्हणजे हैदराबादेत मुख्यालय असलेलं आयआरडीएआय. २०२४ मध्ये या प्राधिकरणाने जे नियम बदलले, ते जुनाट आजार असलेल्यांच्या बरेच बाजूने आहेत. पण ते फारसे कुणी समजावून सांगत नाही.

छत्तीस महिने आणि साठ महिने

दोनच आकडे लक्षात ठेवायचे आहेत.

पहिला छत्तीसचा. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या छत्तीस महिन्यांत डॉक्टरांनी ज्या आजाराचं निदान केलं, किंवा ज्यासाठी सल्ला दिला, औषध दिलं, तो 'आधीपासूनचा आजार'. वीस वर्षांपूर्वी डायबेटिस निघाला आणि गोळी आजही चालू आहे, तर तोही यातच आला, कारण उपचार गेल्या छत्तीस महिन्यांतही चालू आहेत. अशा आजारासाठी कंपनी वेटिंग पिरियड लावू शकते, म्हणजे त्या आजारामुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर तेवढा काळ पैसे देणार नाही. हा काळ पूर्वी जास्तीत जास्त चार वर्षांचा असायचा. १ एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. कंपनी कमी ठेवू शकते, जास्त नाही. डायबेटिस आणि बीपीसाठी खास काढलेल्या काही पॉलिसींमध्ये तो अगदी थोडा असतो, काहींमध्ये पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. त्यांचा प्रीमियम अर्थातच चढा असतो.

इथे एक मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, वेटिंग आहे म्हणजे तीन वर्षं पॉलिसीचा उपयोग शून्य. तसं नाही. शुगर असलेल्या माणसाला डेंग्यू झाला, स्कूटरवरून पडून पाय मोडला, अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं, तर त्याचा वेटिंगशी संबंध नाही. सुरुवातीचे तीस दिवस सोडले, की अचानक उद्भवणारे बहुतेक आजार पॉलिसीत येतात. अपघात तर पहिल्या दिवसापासून येतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठराविक उपचारांना मात्र सगळ्यांसाठीच वेगळं वेटिंग असतं, निरोगी माणसालाही.

म्हणून मी भेटेल त्याला सांगतो, तुमचं घड्याळ आज सुरू करा. "आत्ता तब्येत बरी आहे, पुढच्या वर्षी बघू" म्हटलं की तीन वर्षांची चार होतात. कंपनी मधे बदलायची असेल तर पोर्ट करता येतं आणि वेटिंगची उलटलेली वर्षं सोबत येतात. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. नवी कंपनी तुमचे कागद तपासून नाही म्हणू शकते, म्हणून तिचा होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही. आणि विम्याची रक्कम मधेच वाढवली तर वाढीव रकमेचं घड्याळ नव्याने सुरू होतं. २०२१ साली तीन लाखांची पॉलिसी घेतली आणि २०२५ मध्ये ती दहा लाखांची केली, तर शुगरशी संबंधित उपचारांना तीन लाख लगेच मिळतील, वरचे सात लाख २०२८ मध्ये.

दुसरा आकडा साठचा. सलग साठ महिने, म्हणजे पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली, की त्यानंतर कंपनीला "तुम्ही फॉर्ममध्ये अमुक आजार सांगितला नव्हता" असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. याला मोरॅटोरियम म्हणतात. पूर्वी तो आठ वर्षांचा होता. पोर्ट केलेली वर्षंही यात मोजली जातात, रक्कम वाढवली तर वाढीव भागाची पाच वर्षं वेगळी. हे ऐकून काही जण मला विचारतात, "मग पाच वर्षं गप्प बसलं की झालं?" नाही. फसवणूक सिद्ध करण्याचं दार उघडंच राहतं, आणि पाच वर्षांच्या आत काही झालं तर काय होतं ते पुढे वाचा.

"लिहू नका हो काही"

फॉर्म भरताना हे वाक्य कानावर पडलं नाही असा माणूस विरळा. एजंट आपल्या ओळखीचा असतो, भाचा नाहीतर शेजारी. बिचारा आपल्या भल्याचं म्हणून सांगतो, "साखर थोडीच आहे, गोळी अर्धी आहे, लिहू नका, उगाच टेस्ट लागतील."

मी तुम्हाला एका मित्राच्या वडिलांची गोष्ट सांगतो. त्यांनी तर काहीच लपवलं नव्हतं, तरी किती मनस्ताप झाला बघा. जानेवारी २०१८ मध्ये पॉलिसी घेतली तेव्हा शुगर नव्हती. २०२० मध्ये निघाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं, कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजीच्या पट्ट्या लावता लावता तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "बाबांना शुगर कधीपासून?" मित्र बाहेर पैसे भरत होता. आत काका होते. ते घाबरलेले, त्यांना नक्की माहीत नव्हतं. म्हणाले, "असेल की दहा-बारा वर्षं." डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं, 'केसीओ डीएम, १२ वर्षं'. केसीओ डीएम म्हणजे डायबेटिसचा माहीत असलेला रुग्ण. तेच डिस्चार्ज कार्डावर उतरलं. स्टेंट बसले, माणूस वाचला, आणि कॅशलेसचं उत्तर आलं: आजार २०१० पासूनचा दिसतो, पॉलिसी घेताना सांगितलेला नाही, क्लेम नामंजूर.

घरातल्या एका माणसाने रात्री दोन वाजता अंदाजाने बोललेला आकडा. पैसे आधी घरातून भरले, मोडलेली एफडी वेगळीच. मग शोधाशोध सुरू झाली. २०१८ मध्ये पॉलिसी देण्याआधी कंपनीनेच रक्त तपासलं होतं आणि त्यात शुगर नॉर्मल होती, तो रिपोर्ट एका जुन्या ईमेलमध्ये सापडला. २०२० चा पहिला वाढलेला रिपोर्ट लॅबकडून परत काढून घेतला. फॅमिली डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं की निदान २०२० चं आहे, पहिली गोळी अमुक तारखेला सुरू केली. चार महिन्यांनी पैसे आले.

यातून मी दोन सवयी लावून घेतल्या. एक, घरातल्या प्रत्येक रुग्णाच्या पाकिटात आणि मोबाइलमध्ये एक चिठ्ठी: आजार कोणता, निदान कुठल्या महिन्यात, औषधं कोणती, पॉलिसी नंबर. कॅज्युअल्टीत कुणीही विचारलं तरी चिठ्ठी दाखवायची, अंदाज सांगायचा नाही. दोन, डिस्चार्ज कार्ड हातात आलं की घरी जाण्याआधी इतिहासाचा रकाना वाचायचा, आणि वर्षं चुकलेली असतील तर तिथल्या तिथे डॉक्टरांकडून दुरुस्त करून सही घ्यायची. पुढे चार महिने पत्रं लिहिण्यापेक्षा तिथली दहा मिनिटं परवडतात.

आता ज्यांनी खरंच लपवलं त्यांचं काय होतं? २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असं एक प्रकरण आलं होतं. पॉलिसी घेताना किडनीचा आणि डायबेटिसचा आजार सांगितला नव्हता, दवाखान्याच्या कागदांवरून तो आधीचा असल्याचं दिसलं. माणूस गेला होता, बायको लढत होती. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: विमा परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो, आणि कंपनीच्या निर्णयावर परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट सांगायलाच हवी. डिसेंबर २०२१ मध्ये याच न्यायालयापुढे दुसरं प्रकरण आलं. अमेरिकेला लग्नाला निघालेल्या माणसाने प्रवास विमा घेताना डायबेटिस आहे हे सांगितलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर हृदयविकाराचा झटका आला, तीन स्टेंट बसले, कंपनीने आधीच्या आजाराचं कारण देऊन पैसे नाकारले. न्यायालयाने कंपनीला फटकारलं. आजाराची माहिती मिळाल्यावर, जोखीम तपासून पॉलिसी दिलीत, मग त्याच आजाराचं कारण देऊन आता हात झटकता येणार नाहीत.

दोन्ही माणसांना डायबेटिस होता. फरक फॉर्ममधल्या एका उत्तराचा.

म्हणून फॉर्म स्वतः भरा. एजंटने भरला असेल तर पॉलिसीबरोबर त्या फॉर्मची प्रत येते, ती उघडून बघा. कोऱ्या फॉर्मवर सही केलेली आणि आत सगळ्या आजारांपुढे 'नाही' ठोकलेलं, असे किती फॉर्म मी पाहिले आहेत. पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवस ती परत करण्याची मुभा असते. त्या तीस दिवसांत चूक दिसली तर ईमेल करून दुरुस्त करून घ्या. फोनवर सांगून भागत नाही, लेखीच हवं.

नकार कुठल्या प्रकारचा आहे?

फॉर्म आणि रिपोर्ट गेल्यावर कंपनीचे अंडररायटर, म्हणजे जोखीम तोलणारे लोक, निर्णय घेतात. सरळ होकार आला तर प्रश्नच नाही. बऱ्याचदा होकार येतो पण लोडिंग लावून, म्हणजे प्रीमियम काही टक्के वाढवून. कधी को-पे घालतात: एक लाखाचं बिल झालं तर वीस हजार तुम्ही भरायचे. कधी एखादा आजार कायमचा वगळून बाकीचं संरक्षण देतात. २०१९ मध्ये प्राधिकरणाने फिट्स, जुनाट किडनीविकार, पार्किन्सन, अल्झायमर, हिपॅटायटिस बी अशा काही आजारांची यादीच काढली होती. त्यामागचा विचार असा, की या रुग्णांना दारातूनच परत पाठवण्याऐवजी तेवढा आजार रुग्णाच्या संमतीने बाजूला ठेवून बाकीच्या गोष्टींसाठी तरी पॉलिसी द्यावी. कायम वगळलेला आजार पाच वर्षांनंतरही वगळलेलाच राहतो, हे मात्र समजून सही करा. प्राधिकरणाने कंपन्यांना सगळ्या वयोगटांसाठी आणि आधीपासून आजार असलेल्यांसाठी पॉलिसी आणायला सांगितलं आहे. पासष्टच्या पुढे नवी पॉलिसी नाही, हा जुना उंबरठाही गेला. तरी प्रत्येक अर्ज घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. मला हा नियमांतला सगळ्यात दुबळा दुवा वाटतो.

सरळ नकार आला तर कारण लेखी मागा. बहिणीच्या पहिल्या नकारानंतर आम्ही ते मागितलंच नाही, घाईने दुसरीकडे अर्ज टाकला. तिथल्या फॉर्ममध्ये प्रश्न होता: 'याआधी कुठल्या कंपनीने आपला प्रस्ताव नाकारला आहे का?' खरं उत्तर लिहावं लागलं आणि तिथेही नकार आला. आता मी असं सुचवतो, की आधी अर्ज करू नका, आधी विचारा. गेल्या सहा महिन्यांतली एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी), डोळ्यांची तपासणी, ईसीजी आणि डॉक्टरांचं एक पानाचं पत्र अशी फाईल करून दोन-तीन कंपन्यांच्या माणसांना दाखवा. विचारा, अशा रुग्णाला तुम्ही घेता का, कुठल्या पॉलिसीत, कुठल्या अटींवर? आजार असण्यापेक्षा तो आटोक्यात आहे की नाही, हे ते जास्त बघतात. तीन महिने नीट सांभाळून एचबीए१सी खाली आणली आणि मग अर्ज केला, तर उत्तर बदलू शकतं.

मानसिक आजाराबद्दल दोन शब्द, कारण तिथे लोक विचारायलाही लाजतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर विमा द्यायचा. डिप्रेशनसाठी भरती व्हावं लागलं तर तो क्लेम आहे. लपवायचं कारण नाही आणि सोडायचंही नाही.

नोकरीतला मेडिक्लेम

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आधीपासूनचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून येतात, फॉर्म नाही, तपासणी नाही. पुन्हा सोसायटीचंच उदाहरण: तिथे लोक नोकरीसाठी आलेले असतात, विम्यासाठी नाही, म्हणून आजारी-निरोगी आपोआप मिसळतात आणि फंड बुडत नाही. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू होते, तिथेही आधीचा आजार आड येत नाही.

पण पुणे-मुंबईतल्या कितीतरी घरांत चित्र असं आहे: मुलगा आयटीत, आई-वडील त्याच्या ग्रुप पॉलिसीत, आई-वडिलांची स्वतःची पॉलिसी काहीच नाही. मुलाची नोकरी सुटली की अडुसष्टाव्या वर्षी बीपी-शुगरसकट नवा अर्ज. म्हणून ग्रुप पॉलिसी चालू असतानाच स्वतंत्र छोटी पॉलिसी सुरू करावी. ग्रुपच्या सावलीत तिचं वेटिंग निमूट सरून जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे, तेवढा भार हलका झाला.

आणि नोकरी सोडताना एचआरला विचारा की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. याला मायग्रेशन म्हणतात. कंपनी तपासणी करू शकते, पण ग्रुपमध्ये घालवलेली वर्षं वेटिंगमधून वजा होतात. माझ्या बहिणीची ग्रुपमध्ये सात वर्षं झाली होती. राजीनाम्याच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, पार्किंगचा स्टिकर सगळं मोजून परत घेतलं गेलं, याबद्दल मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. ती सात वर्षं वाया गेली. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

सरकारी योजना, ज्यांना आपण आपल्या समजत नाही

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. मध्यमवर्गीय घरात अजून समज आहे की ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू आहे, आणि कुटुंबामागे मर्यादा वर्षाला पाच लाखांची आहे. इथे सगळ्यात मोठी गोष्ट ही, की वेटिंग पिरियड नाही आणि आधीपासूनच्या आजाराचा प्रश्नच कुणी विचारत नाही. फंड सगळ्या राज्याच्या करातून आलेला, मग विचारायचं कशाला? मर्यादा आहेत: यादीतलेच उपचार, योजनेत असलेलीच रुग्णालयं, आणि आधी मंजुरी. तरी डायलिसिस, कॅन्सर, हृदयाची ऑपरेशनं यात येतात. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो. भरती झाल्या झाल्या, पैसे भरायच्या आधी, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठा.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्नाची अट नाही, मर्यादा पाच लाख. खाजगी मेडिक्लेम असला तरी मिळतं. माझ्या आईचं कार्ड काढायला आधार आणि मोबाइलवरचा ओटीपी एवढंच लागलं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षांहून जास्त काळ गोव्यात राहणाऱ्यांसाठी ती असून तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख मिळतात.

एक गोष्ट मात्र यातली कुठलीच सोय नीट सोडवत नाही. जुनाट आजाराचा खरा खर्च रोजचा असतो: इन्शुलिन, सुया, शुगर मोजायच्या पट्ट्या, तीन महिन्यांनी रक्त, वर्षातून एकदा डोळे. साधा मेडिक्लेम मुख्यतः भरती झाल्यावरच पैसे देतो. ओपीडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि त्याची मर्यादा बहुधा तुटपुंजी. जनऔषधी केंद्रातून गोळ्या घेतल्या तर महिन्याचं बिल बरंच उतरतं, एवढा दिलासा. पाय सडून भरती झालेल्या रुग्णाचे लाखो रुपये द्यायला जी व्यवस्था तयार आहे, ती त्याच रुग्णाच्या पट्ट्यांचे पैसे देत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

क्लेम नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात. कंपनीच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. जाताना नकाराचं पत्र, फॉर्मची प्रत, निदानाचा पहिला कागद आणि डॉक्टरांचा दाखला सोबत हवा. प्राधिकरणाच्या 'बिमा भरोसा' या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. आणि एक लक्षात असू द्या, क्लेम केला म्हणून पुढच्या वर्षी पॉलिसी नूतनीकरण करायला कंपनी नाकारू शकत नाही. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी त्या भीतीने दोन वेळा क्लेमच केला नाही, दागिने मोडले.

बहिणीचं पुढे काय झालं? तिसऱ्या वेळी आम्ही आधी फाईल दाखवून विचारलं, मग अर्ज केला. जून २०२४ मध्ये पाच लाखांची पॉलिसी मिळाली: प्रीमियमवर ५० टक्के लोडिंग, वीस टक्के को-पे, डायबेटिससाठी तीन वर्षांचं वेटिंग. फुले योजनेसाठी तिने पांढऱ्या रेशनकार्डावरचं नावही दुरुस्त करून घेतलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दर महिन्याला एक खूण करते. छत्तिसावी खूण जून २०२७ मध्ये पडेल. प्रीमियमची तारीख माझ्या मोबाइलमध्येही लावून ठेवली आहे, पंधरा दिवस आधीची.